बिनगळ्याचा रांजण

मेलेल्या माणसाच्या हातचं कच्चं भांडं भट्टीत लावायचं नाही. पुढची भट्टी पेटायच्या आत ते हौदात बुडवायचं, विरघळू द्यायचं आणि ती माती बाकीच्या मातीत कालवून टाकायची. का, ते विचारायचं नाही. धाकटीने सात वर्षांची असताना विचारलं होतं, तेव्हा कामशाळा चालवणाऱ्या आत्याने चिखलाचा हात तसाच तिच्या तोंडावर ठेवला होता.

आता धाकटी तेविशीची होती. कॉलेज करून आली होती आणि दिवसातून दहा वेळा 'का' विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. पण गेल्या बावीस दिवसांत तिने कुणाला काही विचारलं नव्हतं. अंगात त्राणच उरलं नव्हतं.

बावीस दिवसांपूर्वी तिच्या मैत्रिणी टोळ आणि गुब्बी टेम्पोतून माल पोचवायला गेल्या आणि पुलाचा कठडा मोडून खाली गेल्या. टोळ म्हणजे नुसते हातपाय, उंच आणि अबोल. गुब्बी बुटकी, गोल, झोपेतही बडबडणारी. तिघींनी या कामशाळेत एकाच वर्षी हात मातीत घातला होता. मोठा रांजण एकीच्या आवाक्यातला नसतो, म्हणून त्यांनी तो वाटून घेतला होता. पोट गुब्बीचं, खांदा टोळचा, गळा धाकटीचा. "पोट माझ्याचकडे येणार," गुब्बी म्हणायची, "अनुभव दांडगा आहे."

त्या दिवशी पोट आणि खांदा झाला होता. "जरा घट्ट होऊ दे, गळा उद्या घाल," असं म्हणत टोळ टेम्पोत चढली.

तो उद्या काही आला नाही. धाकटीने रांजणावर ओलं पोतं टाकून तो वाळवणीच्या खोलीत, मागच्या भिंतीशी ढकलला आणि आत्याला सांगितलं, बुडवला. पहिले दहा दिवस ती पोत्यावर पाणी शिंपडत राहिली. अकराव्या दिवशी तिला त्याचाही कंटाळा आला. सुकू दे, तडकू दे, एकदाचं संपू दे, म्हणून तिने पोतं कोरडंच ठेवलं.

रांजण सुकला नाही.

त्या खोलीची एक भिंत भट्टीला लागून आहे. तिथे ठेवलेली ताटली दोन दिवसांत हाडासारखी पांढरी पडते. रांजण मात्र रोज हात लावला की गार आणि ओला. उलट धाकटीचेच तळवे भेगाळले होते. कितीही पाणी प्यायली तरी जीभ टाळूला चिकटायची. डोळ्यांतून तर बावीस दिवसांत एक थेंब निघाला नव्हता.

आज भट्टी लावायची होती. भर दुपारी आत्याने तिला वाळलेल्या ताटल्या आणायला पाठवलं. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. खोलीत शिरल्यावर डोळ्यांना थोडा वेळ काहीच दिसेना. ओल्या मातीचा वास आला. त्याच्याखाली, अगदी पुसट, कापराच्या मलमाचा. टोळ बोटांच्या भेगांना लावायची ते.

आणि मग मागच्या भिंतीकडून आवाज आला.

थप... थप थप.

धाकटी ताटल्यांच्या फळीला धरून उभी राहिली. लाकडी थापीने रांजणाचं पोट ठोकताना गुब्बीचा हात असाच चालायचा. एक, मग दोन लागोपाठ. तिला भीती वाटायला हवी होती. पण भ्यायलाही बळ लागतं. ती तशीच पुढे गेली. आवाज थांबला. थापी खिळ्याला टांगलेली होती. तिने बोट लावून पाहिलं. ओली.

पोतं खाली पडलं होतं. काल तिच्या कोपराचा धक्का लागून रांजणाच्या खांद्याला खळगा पडला होता. तो आता नव्हता. कुणीतरी आतून हात फिरवून सारखा केला होता. धाकटीने त्या गार मातीला कपाळ टेकलं.

"मला वाटलंच होतं," मागून आत्या म्हणाली.

दारात आत्या होती आणि तिच्यामागे हातात बादली घेतलेले भट्टीकाका. भट्टीकाका काही नात्यातले नव्हेत, पण आत्याच्या तरुणपणापासून भट्टी तेच लावत आले होते.

"बुडवला म्हणालीस ना?"

"खोटं बोलले."

"संध्याकाळी भट्टी पेटवायची आहे, बाळ," भट्टीकाका हळूच म्हणाले. "हौदापर्यंत नेववणार नाही. इथेच पाणी ओतू. तू बाहेर जा, मी करतो."

"हात लावू नका त्याला."

"स्वतःकडे बघितलंस का आरशात?" आत्या म्हणाली. "वाळून काडी झालीस. हा इथे ओला, आणि तू... कळतंय का तुला काही? मला काय हौस आहे? मीही बुडवलंय. मैत्रिणीची सुरई होती. तुझ्यापेक्षा लहान होते मी तेव्हा."

हे धाकटीने कधी ऐकलं नव्हतं. ती वळली.

"मग?"

"मग काय. हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी पोटभर जेवले."

"नाव काय होतं तिचं?"

आत्याने तोंड उघडलं.

"ती... गोरीशी होती," आत्या म्हणाली. "नाही. गोरी नव्हे. तुम्ही सांगा हो, तुम्ही होतात ना तेव्हा."

"होतो की." भट्टीकाकांनी बादली खाली ठेवली. "तिघं एकत्रच जेवायला बसायचो आपण. तिसरी होती कुणीतरी... हसायची खूप. की तू हसायचीस?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. रस्ता चुकलेल्या माणसांसारखी.

"म्हणून विचारायचं नसतं होय," धाकटी म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज कोरडाच निघाला. "उत्तर तुम्हालाच माहीत नाही. माती विरघळली, माणूस विरघळलं. वर जेवण चांगलं गेलं. इतकी वर्षं आम्हाला गप्प बसवलंत, ते ह्यासाठी?"

"पोरी, अगं, जगायचं तर..."

"मला हलकं नाही व्हायचं, आत्या. जड राहू दे. मी हा बुडवणार नाही. आज गळा घालणार आणि आजच्या भट्टीत लावणार."

"ओला लावलास तर फुटेल," भट्टीकाका म्हणाले.

"फुटू दे. तुकडे तरी माझ्याकडे राहतील."

तिने कोपऱ्यातल्या गोळ्यातून माती तोडली, फळीवर लांब वळी वळली आणि रांजणाच्या तोंडावर फिरवून ठेवली. मग दोन्ही हातांनी ती बाहेरून दाबत वर ओढू लागली.

"अगं, एक हात आत घाल," भट्टीकाका चटकन पुढे झाले. "आतून आधार दिल्याशिवाय खांदा बसेल तो... खाली बसेल..."

ते दोन पावलांवर थांबले.

खांदा बसला नाही. धाकटीचा अंगठा बाहेरून जिथे दाबत होता, तिथेच माती आतून तितक्याच जोराने सामोरी येत होती. वळी एकसारखी पातळ होत वर सरकत होती.

"जरा हळू," धाकटी पुटपुटली. ती भट्टीकाकांशी बोलत नव्हती.

आत्याने भिंत धरली. खोलीत फक्त ओल्या मातीवरून हात फिरल्याचा आवाज येत राहिला. रांजणाचा गळा वर चढत होता आणि धाकटीचे दोन्ही हात बाहेर होते.