फक्त बाबांच्या फोनवर बंद

"सगळ्यांना मोकळं आणि मलाच कुलूप? या घरात मी चोर आहे का, सूनबाई?"

सासऱ्यांनी फोन टेबलावर असा आपटला की सुनेसमोरचे कप खुळखुळले. मघाशी त्यांनी लेकाच्या फोनवर तेच पान उघडून पाहिलं होतं. तिथं ते बिनबोभाट उघडलं आणि त्यांच्या फोनवर मात्र 'प्रवेश बंद'ची पाटी! कुणी केलं हे विचारायलाच नको. ऑफिसात नेटवर्क सांभाळणारी तीच, आणि घरच्या वायफायवर गट पाडणारीही तीच : लेकीच्या टॅबवर नको त्या साइट बंद, नवऱ्याला आणि तिला स्वतःला सगळं मोकळं, आणि एकट्या बाबांच्या फोनवर औषधं विकणारी ती सगळी पानं बंद...

"तुझी सासू बरी व्हायला नकोय तुला!"

तिनं आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याला सारं ठाऊक होतं. पण तो पठ्ठ्या बुटाची नाडी बांधत बसला, जणू जन्मात पहिल्यांदाच बांधत होता!

काय सांगणार होती ती? आईंचं विस्मरण आता वाढतच जाणार, त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी दोघा नवरा-बायकोला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आणि इकडे बाबा दिवसभर 'स्मृती हमखास परत' म्हणणाऱ्या भोंदूंची पानं धुंडाळत होते! त्यांनी मागवलेल्या एका चूर्णानं आईंना उलट्या होऊन त्यांनी अंथरूण धरलं होतं. हे फसवे आहेत म्हणावं, तर मग खरं काय तेही सांगावं लागणार... त्या थकल्या जिवाची आशा आपल्या हातानं मोडायची? त्यापेक्षा वाईटपणा आपण घ्यावा, म्हणून तिनं गुपचूप एकेक साइट अडवली होती.

"उघडते, बाबा," ती कशीबशी म्हणाली. लॅपटॉप ओढला, बाबांच्या गटापर्यंत गेली. पण बोट पुढे सरकेना. डोळे घळाघळा वाहू लागले.

"नाही उघडत! मला काय हवं ते बोला... पण आईंना पुन्हा तसं लोळागोळा झालेलं मला नाही बघवत हो!"

बाबा मटकन खुर्चीत बसले.

"ठाऊक आहे गं मला."

"काय, बाबा?"

"इलाज नाही ते. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेलं तेव्हाच कळलं. म्हातारा झालोय, खुळा नाही. पण शोधायचं थांबवलं की तिला सोडून दिल्यासारखं वाटतं, पोरी... आणि वर तुलाच नाही नाही ते बोललो!"

तिनं त्यांचे हात घट्ट धरले. दोघंही रडत होती, आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आईंची हाक आली, "कुणी आहे का हो? माझे केस सुटलेत!"

सवयीनं ती उठली. बाबांनी तिला थांबवलं. "माझं ते बंदच राहू दे. मला नाही आवरत. तू फक्त वेणी कशी घालायची तेवढं दाखव."

ती शेजारी उभी राहून हळूच सांगत होती, बाबा चाचपडत पेड घालत होते. आईंनी आरशात त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"नवीन दिसताय. पण हात हलका आहे हो तुमचा."

"आजच लागलोय कामाला."

"मग उद्याही तुम्हीच या."

"येईन की," बाबा म्हणाले, आणि हातातून निसटलेली बट त्यांनी पुन्हा उचलली.