गुंड्याला दिसतं ते

गुंड्या हा ताईच्या धाकट्या भावाने घरच्या खोलीत बसून लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्राम. नाव तिनेच ठेवलं होतं, कारण तो समोरच्याची प्यादी बिनदिक्कत लाटायचा. अशा प्रोग्रामांच्या स्पर्धेत गुंड्या अंतिम फेरीत पोचला आणि नेमका तेव्हाच भाऊ पोटाचं ऑपरेशन होऊन अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त जिने चढू नका. सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं, तेव्हा लॅपटॉप काखोटीला मारून ताई गेली.

काम हमालीचंच होतं. समोरच्याने पटावर केलेली चाल लॅपटॉपवर टाइप करायची, गुंड्याचं उत्तर पडद्यावर आलं की ती सोंगटी हलवायची, घड्याळ दाबायचं. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. डोळ्यांत तेल घालून बघणं हा तिचा धंदाच होता. तरी समोरच्या प्रोग्रामचे मालक, एक दाढीवाले प्राध्यापक, तिच्याकडे बघून हसले तेव्हा तिला जरा धाकधूक वाटली.

डाव मध्यावर आला तेव्हा प्राध्यापकांचे दोन हत्ती एकाच रांगेत होते, एक पुढे, एक मागे. पुढचा हत्ती मागे आला. ताईने टाइप केलं ते मागचा पुढे गेला असं. दोन्ही हत्तींना तेच घर मोकळं होतं. अशी चूक नवख्या माणसाकडून हटकून होते.

गुंड्याने घोडा उचलला आणि पुढच्या हत्तीने नुकत्याच रिकाम्या केलेल्या घरात ठेवला. पटावर चाल झकास होती. पडद्यावर मात्र त्या घरात हत्ती अजून उभाच होता, आणि घोडा त्याच्यावर चढून बसला होता. हत्ती मारला नव्हता. दोघं एकाच घरात.

तिने हात वर केला. पंच आले, चूक दुरुस्त झाली.

"पण मग त्याला घर रिकामं झालेलं कळलं कसं?" ताईने विचारलं.

"प्रोग्राम आहे हो, चालायचंच," पंच म्हणाले आणि परत जाऊन बसले.

पुढच्या चालीला तिची बोटं कळांवर टेकायच्या आत उत्तर आलं. त्याच्या पुढच्याही. लॅपटॉपला कॅमेरा नव्हता. भावाने जुनं यंत्र सोडवून स्वतः बांधलं होतं, तेव्हाच काढून टाकला होता. ताईने डोळे मिटले. सोंगटी सरकल्याचा आवाज आला, घड्याळ दाबल्याचा आला.

"झाली हं माझी चाल," प्राध्यापक म्हणाले.

तिने डोळे उघडून आधी पडदा बघितला, उत्तर आलं नव्हतं; मग मान पटाकडे वळवली. नजर पटावरून उचलून पडद्यावर नेली तर उत्तर तिथे हजर होतं.

म्हणजे मी बघते तेच हा बघतो, ती मनात म्हणाली, आणि हा विचार किती खुळा आहे हे ठाऊक असून तिला तो खोटा वाटेना. पडद्याच्या कोपऱ्यात गुंड्याचा अंदाज दिसायचा, कुणाची बाजू किती वरचढ याचा आकडा. तिने प्राध्यापकांच्या तोंडाकडे पाहिलं. नजरेच्या कडेला दिसलं, आकडा गेला आणि तिथे आलं, मात, पुढे चार आकडी संख्या. पटाकडे पाहिलं, पहिला आकडा परत.

गुंड्या जिंकला. टाळ्या वाजल्या. प्राध्यापकांनी हात मिळवला, तो गार होता.

संध्याकाळी भाऊ उशीला टेकून बसला होता. जिंकल्याची बातमी आणि तिच्या नजरेची गोष्ट ऐकून इतका हसला की टाके धरावे लागले. "ताई, तुझी नजर लागली म्हणायची गुंड्याला! लाव, लाव, बघू दे मला."

तिने लॅपटॉप उघडून त्याच्या मांडीवर ठेवला, स्वतः पलंगाच्या कडेला बसली.

"मात लिहून येतं आणि पुढे संख्या, ते काय असतं रे?"

"त्याला शेवट दिसलाय असं. तितक्या चालींत खेळ खलास. मग प्रत्येक चालीला एक एक कमी." तो पडद्याकडे बघत होता. "हे बघ, आत्ताही आलंय. पट रिकामा आहे, तरी मात नऊ म्हणतोय. वेडा झाला की काय?"

ताई त्याच्याकडेच बघत होती. तिने मान खिडकीकडे वळवली.

"गेलं," भाऊ म्हणाला.

तिने परत त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढली होती, डोळे आनंदाने चमकत होते.

"मात आठ."

तिने लॅपटॉप मिटला. बॅटरी काढून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. पण आकडे दाखवणं थांबलं म्हणून तिच्या प्रत्येक नजरेगणिक एक एक कमी होणं थांबलं असेल का, हे तिला कोण सांगणार होतं? लहानपणापासून तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो जायला नको होता, बस.

ती आत आली ती जमिनीकडे बघत.

"ताई, पट्टी ओली लागतेय गं. जखम बघतेस जरा?"

"बघते हं," ती म्हणाली, आणि डोळे घट्ट मिटून कात्री चाचपू लागली.