न बघता केलेली नोंद

"अहो, थांबा! पिवळ्या पट्ट्याच्या आत एक पाऊल टाकलंत तर याद राखा!"

तो जागच्या जागी थिजला. एक पाय हवेत, काखेत लॅपटॉप. डोळ्यांवर गॉगल नाही, हातात मोजे नाहीत, आणि स्वारी निघाली होती थेट ॲसिडच्या पिंपांकडे! ओरडणारी होती गोदामाची सुपरवायझर. इथे तिचा शब्द म्हणजे शब्द.

"पाय... खाली ठेवू का?" त्याने विचारलं.

"ठेवा. पट्ट्याच्या बाहेर," ती म्हणाली आणि तिने कसंबसं हसू दाबलं.

हा नवा संगणकवाला, गोदामात ब्लॉकचेन बसवून ती शिकवायला आलेला. कारखान्यातून निघालेलं पिंप कापडगिरणीत पोचेपर्यंत ज्याच्या ज्याच्या हातात येईल, त्याने ब्लॉकचेनवर, म्हणजे संगणकावरच्या सामायिक साखळीत, नोंद करायची. ती नोंद कारखाना, ट्रकवाला, गोदाम, गिरणी, सगळ्यांकडे एकदमच जाते आणि मग पुसायची म्हटली तरी कुणालाच पुसता येत नाही.

"आमच्या आत्यासारखंच की," ती म्हणाली. "तिच्या कानावर गेलं म्हणजे चार घरांत पोचलंच. परत घ्यायची सोय नाही!"

तो इतका मनापासून हसला, की तिलाच लाजल्यासारखं झालं. त्याच दिवशी तिने त्याचं नाव साखळीवाला ठेवलं.

मालकांनी त्याला बजावलं होतं, "महिनाभर बिनचूक चालवून दाखवा, वर्षभराचं काम देतो. चूक दिसली की गाशा गुंडाळायचा." म्हणून साखळीवाला रोज हजर. गॉगल लावून, मोजे घालून, शहाण्यासारखा पट्ट्याबाहेर उभा. तिची चाहूल लागली की मात्र शहाणपण कुठे जायचं कोण जाणे!

"इथे सगळे मला ताई म्हणतात," एकदा तिने त्याला सुनावलं.

"म्हणू देत. मला... नाही जमायचं."

"का बरं?"

"जीभच वळत नाही हो!"

ती पाठ फिरवून उगाचच रिकामी पिंपं मोजत बसली. कान मेले तापलेच होते.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. ट्रक दारात लागला. एकेक पिंप उतरवायचं, झाकणाचं सील डोळ्यांनी बघायचं आणि मगच नोंद करायची, हा तिचाच नियम. पण साखळीवाला शेजारी येऊन उभा राहिला.

"आजचा दिवस पार पडला, की वर्षभर माझं तोंड बघावं लागेल तुम्हाला."

"बघू की. तोंड काही... एवढं वाईट नाहीये."

"एवढं म्हणजे केवढं?"

ती हसत राहिली, तो बघत राहिला, आणि तिच्या हाताने नोंदीच्या यंत्रावर ट्रकमधल्या सगळ्या पिंपांपुढे 'सील ठीक' अशी नोंद करून टाकली. एकही पिंप खाली उतरलं नव्हतं!

शेवटचं पिंप उतरलं आणि तिची नजर झाकणावर गेली. सील तुटलेलं, कडेने पिवळट वाफ. तिने ताबडतोब सगळ्यांना लांब केलं आणि पिंप वेगळ्या खोलीत बंद करून घेतलं. पण नोंदीचं काय?

"कपाटात नवी सीलं आहेत," ती हळूच म्हणाली. "एक लावलं तर..."

"तर साखळीला काही कळणार नाही." त्याचा चेहरा उतरला होता. "आपण सांगू तेच ती खरं मानते."

"मग लावू?"

तिला डोळ्यांसमोर गिरणीतला माणूस दिसला, 'सील ठीक' वाचून बिनधास्त झाकण उघडणारा. वर्षभर हा रोज दिसला असता... तिचा जीव तुटला. तरी तिने यंत्र हातात घेतलं आणि आपल्या नावाने नवी नोंद टाकली: आधीची नोंद न बघता केली, सील तुटलेलं आहे.

"बरं केलंत," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं वेड्याच्या.

पाचच मिनिटांत मालक फोन नाचवत आले. "महिनाभरही टिकलं नाही तुमचं यंत्र!"

"यंत्र नाही चुकलं. मी चुकले," ती पुढे झाली.

"तुम्ही? इतक्या वर्षांत कधी नाही ते! लक्ष कुठे होतं तुमचं?"

हमाल, ट्रकवाला, सगळे कान टवकारून उभे. आज एकदा खरं बोललेच आहे, तर आता कशाला मागे हटायचं?

"ह्यांच्याकडे," तिने बोट दाखवलं.

मालकांचा आ वासला. मग ते त्याच्याकडे वळले. "चूक लपली नाही, पिंप गिरणीत जायच्या आधी सगळ्यांना कळलं, म्हणजे साखळी कामाची आहे. वर्षभर ठेवतो. पण काय हो? शिकवायचं काम पहिल्या आठवड्यातच संपलं होतं ना? बाकीचं तर ऑफिसात बसून दिसतं. मग रोज इथे कशाला येत होता?"

साखळीवाल्याने गॉगल काढला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"ह्यांना बघायला," तो म्हणाला.