एक पायरी वर

दुकान रिकामं करताना धाकट्याने घोळ घातलाच. कोपऱ्यातला टाइपरायटर त्याने भंगारात देऊन टाकला. बाबांनी जन्मभर लोकांची मशीनं दुरुस्त केली, पण हे एकच त्यांचं स्वतःचं होतं, आणि ताई त्याच्यावरच अक्षरं शिकली होती. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. ताईने धाकट्याला काय काय ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

मशीन सापडलं ते थेट ऑनलाइन लिलावात. आणि त्यावर टपून कोण बसलेलं, तर कळकाप्या! हा गृहस्थ जुने टाइपरायटर घेतो, कळा कापून त्यांच्या अंगठ्या बनवतो आणि उरलेलं धड फेकून देतो. त्याचं नाव निघालं की बाबा जेवणावरून उठायचे.

बाबा सुटे भाग त्याच लिलावातून मागवत, म्हणून ताईने त्यांचंच खातं उघडलं. धाकट्याने समजावलं, की आपला शेवटचा आकडा एकदाच टाकायचा. तो कुणाला दिसत नाही. समोरचा चढला की यंत्र आपल्या वतीने त्याच्या एक पायरी वर चढतं, लागेल तेवढंच, आणि आपला आकडा आला की थांबतं. ताईला हसू आलं. बाबांचा सौदा असाच असायचा. आकडा मनात ठरवायचा आणि हात मांडीखाली घेऊन गप्प बसायचं. तिने होतं नव्हतं ते सगळं त्या चौकटीत टाकलं आणि हात मांडीखाली घेतले.

दिवेलागण झाली. दुकानातलं सामान गेलं होतं, पण तेलाचा आणि शाईच्या फितीचा वास काही जात नव्हता. कळकाप्या चढला, यंत्र एक पायरी वर गेलं. तो पुन्हा चढला, यंत्र पुन्हा वर. असं होता होता ताईचा आकडा आला. पुढच्या बोलीला मशीन त्याचं होणार, हे दोघांनाही कळलं. ताईला रडूच फुटलं.

तेवढ्यात कोपऱ्यात टिंग वाजलं. ओळ संपली की टाइपरायटरची घंटी वाजते ना, अगदी तसं. कोपऱ्यात तर फरशीवरच्या डागांशिवाय काही नव्हतं. पडद्यावर मात्र कळकाप्याची नवी बोली आली होती, आणि बाबांचं खातं तिच्याही एक पायरी वर होतं.

“ताई... आकडा वाढवलास?”

“माझे हात बघ.”

हात मांडीखालीच होते.

टिंग... परत टिंग. बोली चढतच राहिली. एवढे पैसे आणायचे कुठून, दुकान विकावं लागेल, म्हणत धाकटा वायर उपटायला धावला. ताईने त्याचा सदरा धरला.

“बस खाली. बाबांच्या सौद्यात मध्ये बोलायचं नाही.”

आणि मग काय व्हावं! कळकाप्याने आपल्या सगळ्या बोल्या मागे घेतल्या. समोर चढणारं कुणी उरलंच नाही, त्यामुळे किंमत घरंगळत पार सुरुवातीच्या आकड्यावर आली आणि लिलाव संपला. मशीन ताईचं झालं, तेही मातीमोल भावात! दोघं बहीणभाऊ त्या रिकाम्या दुकानात लहानपणीसारखे नाचले.

मशीन घरी आलं ते सगळ्या कळांसकट. नुसती घंटी तेवढी कुणीतरी काढून घेतलेली. ताईने त्याच दिवशी बाबांचं खातं बंद केलं.

पुढे एका सकाळी कळकाप्याचा फोन आला. आवाज पार बसलेला.

“बाई, त्या दिवशी मी बटण दाबायच्या आधीच तुमची बोली चढायची... घाबरून सगळं मागे घेतलं. आता तरी थांबवा. मी कुठल्याही मशीनवर बोली लावली, की तुमचं खातं एक पायरी वर असतंच...”

“ते खातं मी केव्हाच बंद केलंय,” ताई म्हणाली. “कळा कापणं सोडा, म्हणजे बरं.”

तेवढ्यात पलीकडे, त्याच्या खोलीत, फोनच्या अगदी जवळ, टिंग वाजलं.

ताईने समोरच्या मशीनकडे पाहिलं. त्याची घंटी अजून बसवायची होती.