पाण्यावर राहिलेला तुकडा

वीज गेली ना? जाऊ दे. जनरेटरला हात लावू नका, उगाच डिझेल जळेल. बसा इथेच पायरीवर. आणि तू, तो मोबाईल खाली ठेव. तुझ्या एकट्याच्या तोंडावर उजेड आणि बाकीचे अंधारात, मला कुणाशी बोलतोय तेच कळत नाही.

मिन्झाची गोष्ट सांगतो. तुम्ही शिकता ती नवी प्रयोगशाळा नव्हे, टेकडीवरची जुनी, जिच्या मागच्या खिडकीतून सरोवर दिसतं, तिथली. मी तिथे गाडी चालवायचो. तपासणीला आलेले रुग्णांचे तुकडे कापण्याचं सगळं काम मिन्झाच्या हातचं. खोटं बोलणारी बाई नव्हे ती. हल्ली शिन्यांगाला असते, हवं तर जाऊन विचारा. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या, मधे फिसफिस केलेली मला चालत नाही.

तर, जुलैचा दुसरा गुरुवार. रात्रीचे साडेनऊ. मिन्झाने पोरांना मक्याची उगाली आणि सुकटीचं कालवण वाढलं होतं आणि स्वतः नुकती ताटावर टेकली होती, एवढ्यात डॉक्टर लुहेंडेंचा फोन आला.

"मिन्झा, ती संशोधनाची पेटी पहाटेच्या बसने दारेसलामला जायची आहे. भरलीस का?"

"काचा ओल्या होत्या, डॉक्टर. सकाळी भरते म्हटलं."

"सकाळी बस तुझ्यासाठी थांबणार आहे का? वाळल्या असतील आता. जरा जाऊन ये ना, माझ्याकडे पाहुणे आहेत."

एवढंच काम. काचा पेटीत लावायच्या, दोरी बांधायची, घरी यायचं. तिने पोरांना दार लावून घ्यायला सांगितलं आणि मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून निघाली.

ते संशोधन हाडाच्या कॅन्सरवरचं होतं. तळघरात जुन्या रुग्णांचे तुकडे मेणाच्या वड्यांत बसवलेले पडून होते, वर्षानुवर्षांचे. त्यातली निम्मी माणसं केव्हाच गेलेली. त्या वड्या वर काढायच्या, यंत्रावर पुन्हा पातळ कापायच्या, काप काचेवर घेऊन रंगवायचे आणि पाठवायचे. आठवडाभर मिन्झा तेच करत होती. मधेच होलोची वडी आली. होलो म्हणजे मागू गावाकडची नऊ वर्षांची पोरगी. गुडघ्याखाली सूज, ताप, रात्रभर कण्हणं. वडीवर 'तातडीचं' म्हणून लाल चिठ्ठी. मिन्झाने जुनं काम बाजूला सारलं, होलोचं कापून दिलं आणि पुन्हा जुनं हातात घेतलं. डॉक्टरांनी काच पाहिली. कॅन्सर. शुक्रवारी सकाळी पाय मांडीपासून काढायचा ठरला.

फाटकाशी होलोचा बाप बसला होता, माकोये. शेजारी आमचा पहारेकरी सिट्टा, घोंगडी पांघरून घोरत. माकोये मिन्झाला पाहून उठला.

"ताई, तुम्ही आतल्या ना? एक विचारायचं होतं. उद्या पाय काढतील, तो आमच्या हातात देतील ना?"

"देतात. मागून घ्या फक्त."

"नाही, परवा एकजण म्हणाला की जाळून टाकतात. जाळू नका म्हणावं. घरी अंगणात पुरायचाय. मी कापड आणलंय." त्याने पिशवी उघडून दाखवलं. नवं कापड, पिवळ्या फुलांचं. "तिनेच निवडलं. म्हणाली, माझ्या पायाला निळं नको."

मिन्झाने त्या कापडावरून बोट फिरवलं. ती मान हलवून आत गेली.

तुमच्यातल्या शहरी पोरांना हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे माणूस तुकड्यातुकड्याने गेला तरी एकाच ठिकाणी जायला हवा. त्याच्या चारेक वर्षं आधी मबुलाचा पाय मीच गाडीतून क्विंबाला त्याच्या घरी नेला होता. वीस वर्षांचा पोरगा, फुटबॉल खेळणारा, हाच रोग. काठी टेकत गाडीपाशी आला आणि गाठोड्यावर थाप मारून म्हणाला, "लुगिको काका, माझ्या थोरल्या भावाला नीट सांभाळून न्या. हा पुढे चाललाय, मी मागून येतो." मी त्याला शिवी दिली होती. सहा महिन्यांनी आला तो मागून. अंगणात पायाशेजारी पुरला.

असो. मिन्झा आत गेली. दिवा लावला, काचा पाहिल्या, वाळल्या होत्या. पेटी काढली. पण जिवाला चैन नव्हतं तिच्या. चार काचा लावायची, उठून खिडकीशी जायची. परत बसायची, हात धुऊन यायची. ते पिवळं कापड डोळ्यांपुढून हलेना. तिची धाकटीही नऊ वर्षांचीच.

मग वीज गेली.

तिने मोबाईलची बॅटरी लावली. काम थोडंच राहिलं होतं. बाहेर वारा सुटला होता, पत्रा वाजत होता. त्या आवाजात दुसरा एक आवाज. ओसरीवरून.

टक. मग पाऊल. टक. मग पाऊल.

तिला वाटलं, माकोये आला. पण माकोये काठी घेत नाही.

"कोण आहे? वॉर्ड पलीकडच्या इमारतीत आहे, दादा."

आवाज थांबला. दाराशी.

दार उघडंच होतं. तिने बॅटरी तिकडे केली. एक तरुण पोरगा उभा होता. उंच. अंगात खेळाडूचा बनियन. एका बाजूने पँट वर दुमडून पिनेने टाचलेली. त्याने उजेडाकडे पाहिलं नाही. खोलीत पाहिलं. काहीतरी शोधत असल्यासारखं.

"इथे कुणाला भेटायचंय?"

"माझं... इथे राहिलंय."

"काय राहिलंय?"

तो आत आला. टक. पाऊल. तिच्या जवळून गेला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, वारा दारातून येत होता आणि त्याच्या कपड्याची घडीसुद्धा हलत नव्हती.

मिन्झा पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरली. सिट्टाला हाक मारावी, तर तो फाटकाशी घोरत होता.

तो यंत्रापाशी गेला. शेजारी ती कोमट पाण्याची थाळी, काप तरंगवायची. झाकलेली. दुपारीच रिकामी करून मिन्झाने झाकली होती. तो तिथे उभा राहिला. वाकला. झाकणावर बोट टेकवलं.

"इथून... गेला."

"काय?"

"कोपरा. पोरीकडे."

...

"माझा आहे. तिच्या अंगावर... घालू नका."

मग काही नाही. वारा. पत्रा. मिन्झाच्या मोबाईलचा उजेड भिंतीवर गेला होता. तिने मोबाईल दोन्ही हातांनी धरला. पुन्हा तिकडे केला.

कुणी नव्हतं.

दुसरी कुणी असती तर धावत सुटली असती. मिन्झाही दारापर्यंत गेली. पण 'पोरीकडे' म्हणाला होता तो. आणि तिथेच तिला आठवलं.

तुम्हाला पहिल्याच आठवड्यात काय शिकवतात? एकाचं कापून झालं की दुसऱ्याची वडी लावायच्या आधी पाण्यावरून कागद फिरवायचा. फिरवता ना? का, तर आधीच्या माणसाचा कण पाण्यावर तरंगत राहिला तर तो दुसऱ्याच्या काचेवर चढतो. होलोची वडी आली तेव्हा दिवे लुकलुकत होते, वीज जायच्या आत कापून द्यायचं म्हणून सगळे मिन्झाच्या मानगुटीवर बसले होते. कागद फिरवला होता का तिने? तिने खूप आठवून पाहिलं. वडी लावल्याचं आठवत होतं. पातं सरकवल्याचं आठवत होतं. कागद आठवत नव्हता.

ती खाली बसली. अठरा वर्षं ती हे काम करत होती आणि एका विसरलेल्या कागदापायी उद्या एका पोरीचा पाय जाणार होता.

मग उठली. डॉक्टरांच्या टेबलावरून होलोची काच आणली. पेटीतल्या जुन्या काचा एकेक करून उजेडापुढे धरल्या. त्या दिवशी होलोच्या आधी कापलेल्यांत एक काप निघाला, फाटलेला. पाण्यातून उचलताना त्याचा एक कोपरा तुटून गेला होता. उजेडासाठी सूक्ष्मदर्शकाखाली मोबाईल ठेवून तिने होलोची काच लावली. पोरीचे दोन मोठे तुकडे होते आणि कडेला, जरा दूर, एक तिसरा. नखाएवढाही नाही. दोन बाजू नीट, तिसरी फाटकी. ती फाट आणि जुन्या कापाची फाट, दोन्ही तिने आलटून पालटून पाहिल्या. एकाच फाटण्याच्या दोन बाजू.

डॉक्टरांचे खुणेचे ठिपके त्याच तिसऱ्या तुकड्याभोवती होते. त्यांनी कॅन्सर पाहिला होता तो त्यात.

तिने गॅसवर पाणी तापवलं. थाळी भरली. कागद फिरवला. परत फिरवला. होलोची वडी काढून हाताने यंत्र फिरवत नवे काप घेतले, रंगवले. काप चांगले आले. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती. पाठीला सारखं वाटत होतं की कुणीतरी उभं आहे, एका पायावर भार देऊन, आणि बघतंय. एकदा टक असं वाजलं. ती थांबली. मग कापत राहिली.

पहाटे तिने डॉक्टरांना उठवलं.

"काय वेळ आहे ही, मिन्झा? पेटी बसवर चढली का?"

"पेटी राहू दे, डॉक्टर. होलोचं चुकलंय. माझ्या हातून चुकलंय. तुम्ही या."

"चुकलंय म्हणजे?"

"तुम्ही या आधी. मग मला काय बोलायचंय ते बोला."

मलाही तिनेच फोन केला, डॉक्टरांना घेऊन ये म्हणून. त्यांनी स्वेटर उलटा घातला होता. मी गाडी दामटली. प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा वीज आली होती आणि मिन्झा पायरीवर बसली होती. डोळे रडून सुजलेले. तिने आधी मला सगळं सांगितलं, तो पोरगा, पिनेने टाचलेली पँट, बनियन. बनियनचा रंग मी विचारला. तिने सांगितला. मबुला त्याच रंगाच्या बनियनात खेळायचा.

डॉक्टर नव्या काचा पाहत होते. एक पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली.

"पू आहे," ते म्हणाले. "हाडात पू झालाय पोरीच्या. जुनं दुखणं आहे, पण औषधाने बरं होणारं. कॅन्सर नाही. कुठेच नाही."

त्यांनी उभ्या उभ्याच शस्त्रक्रियेच्या खोलीत फोन लावला. एव्हाना उजाडलं होतं आणि तिकडे सकाळची पहिलीच शस्त्रक्रिया म्हणून होलोला टेबलावर घेतलं होतं, मांडीवर खूण केली होती. थांबा म्हणाले. पलीकडचा सर्जन काहीतरी वरच्या पट्टीत बोलला. डॉक्टर म्हणाले, "मी लेखी देतो, पण तू हात लावू नकोस." आणि ते थांबले. पोरगी आता शाळेत जाते, दोन्ही पायांनी. थोडी लंगडते, थंडीत जास्त. त्या दिवशी माकोयेला सांगायला मिन्झा स्वतः गेली. चूक कुणाची होती तेही तिने सांगितलं. मला वाटलं, तो तिच्या अंगावर जाईल. तो तिचा हात धरून नुसता रडत राहिला, सोडेचना.

ती परत आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता ती पहिली काच दे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मिन्झा. तुझी चूक एक आणि माझी दुसरी. कडेचा तुकडा परका आहे हे मला कळायला हवं होतं."

तिने काच दिली. डॉक्टर बघत राहिले. काच सरकवली. परत सरकवली.

"ही पुसलीस का तू?"

"वरून काच चिकटवलेली आहे, डॉक्टर. कशी पुसू?"

त्यांनी काच काढून उजेडात धरली. जिथे रोग दिसला होता तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने निळ्या शाईचे चार ठिपके दिले होते, खूण म्हणून. ठिपके होते. त्यांच्या मधे काही नव्हतं. स्वच्छ काच.

मग मिन्झाने न विचारता पेटीतली ती दुसरी काच काढली, रात्री तिने बाजूला लावलेली, फाटलेली. स्वतः पाहिली नाही. डॉक्टरांपुढे ठेवली.

त्यांनी ती पाहिली, सरकवली, पुन्हा पाहिली. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, "लुगिको, तूही बघ."

मी काय बघणार, मी ड्रायव्हर. पण बघितलं. गुलाबी, पूर्ण काप. चारही कोपरे जागच्या जागी. फाटल्याची रेघसुद्धा नव्हती.