आठ मिनिटं आधीची नोंद

सौरज्वालांच्या नोंदवहीत एकच चूक एकतीस वर्षं नेमाने होत आली होती, आणि ती पकडायला आपल्यासारखा माणूस यावा लागला, याचं नव्या शास्त्रज्ञाला हसू येत होतं.

सूर्यावर ज्वाला उसळली की अतिनील आणि क्ष-किरणांचा लोंढा सुटतो. हवा तो वरच्या वर अडवते, म्हणून उपग्रह मोजतो, आणि वेधशाळेच्या तळघरातल्या पडद्यावर दोन्हींची रेघ चढते. रेघ चढली की वेळ लिहायची. शेंबडं पोरही करेल असं काम. पण नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंची प्रत्येक वेळ रेघेच्या आठ मिनिटं आधीची.

"सूर्याचा प्रकाश यायला आठ मिनिटं लागतात, हे कुठेतरी वाचलं असणार," तो संचालकांना म्हणाला. "लागल्या वजाबाकी करायला! घरी बसवा त्यांना."

"आज दिवसभर शेजारी बसा. मग लेखी द्या, लगेच बसवतो."

तो बसला. खोलीला खिडकी नव्हती. बाई पट्टीने रकाने आखत होत्या.

"बाई, वजाबाकी कागदावर करता की बोटांवर?"

"कसली वजाबाकी, सर?"

अकरा बेचाळीसला त्यांनी पट्टी ठेवली, कोणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवली आणि वेळ लिहिली. पडद्यावर काहीच हललं नव्हतं.

"अहो, झालंय कुठे काही?"

"झालंय. यायचंय अजून."

अकरा पन्नासला दोन्ही रेघा उठल्या, अतिनीलची आणि क्ष-किरणांची.

योगायोग, त्याने स्वतःला बजावलं. साडेबाराला पुन्हा तेच. मग त्याने घड्याळं ताडून पाहिली, वायरी ओढून पाहिल्या, टेबलाखाली शिरला. हाताला फक्त धूळ लागली. प्रकाशाच्या आधी बातमी पोचत नसते, कुठूनच नाही; आणि या मॅट्रिक झालेल्या बाईंकडे तर मुळीच नाही. म्हणजे लबाडी होती, आणि ती बऱ्यापैकी सफाईदार होती, एवढीच काय ती कबुली द्यायला तो तयार होता.

दोनच्या सुमारास त्याने चिठ्ठी लिहिली: 'नोंदी बनावट. सेवा आजच थांबवावी.' बाईंपुढे सरकवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. एकतीस वर्षं नोकरी केलेली माणसं अशा वेळी रडतात, ओरडतात. त्याने तयारी ठेवली होती.

"सही कुठे करू?"

सही अर्धी झाली आणि पेन थांबलं. बाईंनी मान वळवली. या वेळी बराच वेळ.

मग त्यांनी वहीत वेळ लिहिली, पट्टी घेऊन काहीतरी आखलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"रागावलात? ड्यूटी पाचपर्यंत आहे, बाई!"

"लेकीकडे जाते. पलीकडच्या गल्लीत राहते. पायी सात मिनिटं."

"आत्ता? कशाला?"

दारात त्या थांबल्या. लहान मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"सर, तुमचं कोणी असेल तर फोन लावा."

जिन्यावर त्यांची पावलं धावत गेली.

"नाटकं!" तो रिकाम्या खोलीला म्हणाला आणि वही ओढली.

सुरुवात: दोन वाजून तीन मिनिटं. शिखर, शेवट, दोन्ही रकाने कोरे.

त्याखाली, उरलेल्या सगळ्या ओळींवर, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ होती. वही कायमची बंद करताना मारतात तशी. पुढे कोणी काही लिहू नये म्हणून.

त्याने फोन हातात घेतला. नावं वर सरकवली, खाली सरकवली.

दोन वाजून नऊ झाले होते. पडद्यावरच्या दोन्ही रेघा सपाट होत्या.