थोरल्याचं वजन

धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. दुकानाचं शटर अर्ध्यावर असतानाच ती वाकून आत शिरली. एका हातात स्वयंपाकघरातला वजनकाटा, दुसऱ्या हातात झाकणाला भोकं पाडलेला खोका.

"हा काटा खोटं बोलतो," ती म्हणाली. "आत्ता बाराशे दाखवतो, घटकेत साडेअकराशे. मला नेमकं हवंय."

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या तरुणाने हातातला स्क्रू वाटीत टाकला आणि मान वर केली. "पिठाला इतका नेमकेपणा कशाला?"

"पीठ नाही." तिने झाकण उचललं. "थोरला आहे."

लोकरीच्या तुकड्यावर एक कासव डोळे मिटून पडलं होतं. नाकाशी बारीकसा बुडबुडा येई... फुटे... पुन्हा येई.

तिच्या आईबाबांच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते कासव घरात आलं आणि ही त्यानंतर सात वर्षांनी. म्हणून ते थोरला आणि ही धाकटी. आई तर चिडली की सरळ म्हणायची, "माझं शहाणं लेकरू एकच. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

त्या शहाण्या लेकराला थंडी बाधली होती. फुप्फुसं भरली होती आणि महिनाभर त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की रोज सकाळी कोमट पाण्यात बसवण्याआधी वजन करायचं आणि आकडा फोनवर कळवायचा; औषधाचं माप त्यावर ठरणार. आणि वजन अकराशे पन्नासच्या खाली गेलं तर एक दिवसही वाट बघायची नाही, मानेतून पोटात अन्नाची नळी घालायची. या वयात त्याला भूल सोसेल का, असं बाबांनी विचारलं, तेव्हा बाई नुसत्या कागद नीट लावत राहिल्या होत्या.

यातलं शेवटचं तिने दुकानात सांगितलं नाही. तोंडातून काढलं तर खरं होईल, असं तिला वाटत होतं.

"हा काटा मी दुरुस्त करून देईन," तो म्हणाला, "पण ग्रॅमचा भरवसा नाही देणार. माझ्याकडे तपासणीचा काटा आहे. तो जागचा हलवत नाही मी. तुम्हीच रोज या."

"रोज?"

"का? थोरल्यांना सवड नाही?"

ती हसली. महिनाभरात पहिल्यांदा. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. काट्याची पत्र्याची ताटली तो दोन्ही तळव्यांनी चोळत होता.

"हे काय करताय?"

"गार आहे," तो म्हणाला. "आधीच थंडी बाधलेला जीव..."

तिने नजर खोक्याकडे वळवली. पण ते तळवे तिला दिवसभर आठवत राहिले. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांच्या पाठी शिवण्याचं तिचं काम. त्या दिवशी एक अख्खं पुस्तक तिने उलटं शिवलं.

घरी सगळं थोरल्याभोवती फिरू लागलं होतं. बाबा दिव्याची ऊब सांभाळत. आई भोपळा उकडून, गाळून, पुन्हा गाळून त्याची पेज करी. धाकटी त्याचा जबडा अलगद उघडून बिनसुईच्या पिचकारीने थेंब थेंब सोडी. चारातले तीन थेंब बाहेर. आणि रोज सकाळी ती खोका घेऊन परतली, की बाबांचा पहिला प्रश्न, "किती?"

अकराशे ऐंशी. अकराशे बाहत्तर. अकराशे एकसष्ट. आकडा घसरला, की बाबा पानावरून अर्धपोटी उठत. आई उरलेलं झाकून ठेवी.

दुकानात मात्र तेवढी दहा मिनिटं हलकी जात.

"पुस्तकं शिवता म्हणे तुम्ही."

"कोण म्हणे?"

"तुमच्या बोटांवरचा डिंक म्हणे."

"बोटं बघायला बसता होय इथे?"

"काट्याचा आकडा स्थिर होईपर्यंत कुठेतरी बघायला लागतंच... बोटांवर भागवतो."

असं काहीबाही. मग आकडा स्थिर होई; काट्याचं तोंड त्याच्याकडे असे, तो वाचून दाखवी आणि ती लिहून घेई.

एका सकाळी ती फार थकून आली. "काल बाबांनी पाण्यावरच रात्र काढली," एवढंच म्हणाली. त्याने ताटली चोळली, थोरल्याला ठेवलं, आकड्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"अकराशे पंचावन्न," तो म्हणाला. "टिकून आहे."

त्या संध्याकाळी बाबा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हणून ती थोरल्याला घेऊन थेट दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी स्वतः वजन केलं आणि चष्मा काढला.

"परवा पंचावन्न आणि आज अडतीस? दोन दिवसांत सतरा ग्रॅम? पटत नाही मला. हा परवाच पन्नासच्या खाली गेला असणार. तेव्हाच नळी घालायची. दोन दिवस हातचे गेले." दुपारची वेळ ठरली.  आईबाबांना बोलावून, थोरल्यापाशी बसवून ती दुकानात आली, ती रिकाम्या हातांनी.

"परवा किती होतं?"

त्याला सावरून घेता आलं असतं. काटा बिघडला होता, म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"अकराशे सेहेचाळीस."

"मग..."

"बाबा एक दिवस तरी जेवतील असं वाटलं. तुम्ही इतक्या थकला होतात..."

"पन्नासच्या खाली गेला की नळी घालायची होती. मी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक." तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "पण मी वजन विचारलं होतं. दिलासा नव्हता मागितला. तो द्यायला सगळं गाव होतं. खरं सांगणारी जागा एकच होती माझ्याकडे."

ती आली तशी रिकाम्या हातांनी बाहेर पडली. 

थोरल्याला भूल सोसली. मान चिकटपट्टीने गुंडाळलेली, पाठीवर वळवून बांधलेली नळी, असा तो दुसऱ्या दिवशी घरी आला. आणि त्याच्यामागोमाग, कुणी न बोलावता, दारात काटेवाला उभा राहिला.

"मी चुकीचं वजन सांगितलं होतं," तो बाबांना म्हणाला. "जाणूनबुजून. तुमच्या मुलीचा त्यात दोष नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायला आलोय."

 "म्हणजे मी जेवावं म्हणून?" बाबांनी विचारलं. त्याने मान डोलावली. बाबांनी नजर खाली घातली. "मग त्यातला थोडा दोष माझ्याकडेही येतो," ते हळूच म्हणाले.

"दोष नंतर वाटून घ्या," आई आतून म्हणाली. "आमच्या घरात खोटं खपत नाही, गोड असलं तरी. पण कबूल करायला आलेल्याला दारातून परतही पाठवत नाही. हात धुवा. नळीतून पेज सोडायला न थरथरणारा हात हवाय मला. यांचा थरथरतो आणि हिला रडू येतं."

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. पण बाजूला सरकली, त्याला बसायला जागा होईल इतकी.

त्यानंतर रोज दुपारी, ती जेवायला घरी आलेली असे तेव्हा, तोही येऊ लागला. सकाळी दुकानात आता तो काट्याचं तोंड तिच्याकडे फिरवून ठेवी. "तुम्हीच वाचा," म्हणे आणि बाहेर बघत राही. तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही. मग चार ग्रॅम वाढले. मग सहा. एका दुपारी पेज भरून ठेवलेली असताना थोरल्याने मान लांब केली आणि शेजारी पडलेल्या भोपळ्याच्या फोडीचा कोपरा तोडला. आई तशीच पदर तोंडाला लावून खाली बसली. बाबा म्हणाले, "मलाही वाढ."

ऊन तापू लागलं, नळी निघाली. त्यानंतरच्या एका सकाळी तिने आकडा वाचला, "बाराशे तीस," आणि म्हणाली, "बाई म्हणतात, आता महिन्यातून एकदा वजन केलं तरी पुरे."

"छान झालं," तो म्हणाला. ताटली पुसली. पुसलेली ताटली पुन्हा पुसली. "एक सांगायचं राहिलंय."

"आता काय?"

"त्या दिवशी नऊ ग्रॅम जास्त सांगितले. पण तेव्हापासून रोज काहीतरी कमी सांगत आलोय."

तिने पुन्हा आकड्याकडे बघितलं. "किती कमी?"

"सगळंच." त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही येणार म्हणून मी शटर लवकर उघडतो. दुपारी पेज सोडून झाली तरी उठवत नाही माझ्याने. मला तुम्ही... फार आवडता. यात एक ग्रॅमही इकडेतिकडे नाही."

ती बोटावरचा डिंक सोलत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी राग आला, तो खोट्याचा नव्हता नुसता. ते तुम्ही बोललात, म्हणून इतकं लागलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर विसरले असते..."

"म्हणजे?"

"म्हणजे दुपारी घरी या नेहमीसारखे. आणि आईला हेच सांगा, असंच. अर्धवट सांगितलेलं तिला चालत नाही."

एवढ्यात थोरला ताटलीवरून हळूच उतरला. टेबलावर उन्हाची तिरीप पडली होती, पार पलीकडच्या टोकाला. त्याने मान वर करून अंतराचा अंदाज घेतला आणि निघाला. एक पाऊल... थांबला... दुसरं पाऊल.

तिला कामावर जायला उशीर होत होता, त्याच्याकडे दोन गिऱ्हाइकं थांबली होती. पण थोरल्याला उचलून पोहोचवायची घाई दोघांपैकी कुणीच केली नाही.